आडवी टोचलेली कळी

शेवटची कळी खुडून तुहामीने कमरेच्या फडक्यात टाकली आणि मगच त्याच्या लक्षात आलं की हे झाड आपलं नाही.

तो दोन पावलं मागे सरला. समोर मोगऱ्याचं झुडूप उभं होतं, हिरवंगार, तजेलदार आणि न्हाव्याच्या खुर्चीतून नुकतंच उठल्यासारखं बोडकं. शेजारी झारा काठोकाठ भरलेला होता. त्यातला थेंबही झाडाला मिळाला नव्हता. पाणी घालायला आलेल्या माणसाने पाणी सोडून बाकी सगळं केलं होतं.

अजून उजाडायचं होतं. हम्मामेत गावच्या जुन्या तटाकडून समुद्राचा दमट वारा येत होता. शाळेच्या फाटकापाशी रखवालदार खुर्चीत मान टाकून झोपला होता, म्हणजे साक्षीदारही नव्हता. तुहामीने आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटं निर्विकार होती. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. अंधारात चाचपायचं, आजची कळी कुठली आणि उद्याची कुठली हे नुसत्या स्पर्शाने ओळखायचं, आजची घ्यायची, उद्याची ठेवायची. इथेही त्यांनी उद्याच्या इवल्या हिरव्या कळ्या इमानाने मागे ठेवल्या होत्या. कामात खोट अशी नव्हतीच.

तुहामी मश्मूम बांधायचा. मोगऱ्याची एकेक कळी हलफा गवताच्या काडीवर टोचायची, अशा मूठभर काड्या जुळवून वरून लाल दोरा गुंडाळायचा, की झाला मश्मूम. संध्याकाळी तो गिऱ्हाइकाच्या कानावर चढतो, तिथेच उमलतो आणि कॉफीचा दुसरा पेला येईपर्यंत गिऱ्हाईक स्वतःला देखणं समजू लागतं. सगळी करामत वेळेची. कळी पहाटे, मिटलेली असतानाच खुडायची. झाडावर उमललेलं फूल कुणी विकत घेत नाही. तुहामीच्या लेखी ते फूलच नव्हे, तो निष्काळजीपणा. घरामागच्या त्याच्या वाडीत मोगऱ्याचे ताटवेच्या ताटवे होते, पण त्यात उमललेलं फूल औषधालाही सापडलं नसतं. चुकून एखादं दिसलंच, तर शेजारीण भिंतीवरून, नावाला मानाचं "सी" लावून, विचारायची, "काय सी तुहामी, बरं नाही का?"

या वाडीत त्याची नात बेया लहानाची मोठी झाली. गेल्या शरदात शाळेने पाचवीच्या मुलांना एकेक वाफा दिला, तेव्हा ती आजोबापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा अजीजी, मला मोगऱ्याचं एक रोप दे."

"घे की. काय करणार?"

"फुललेलं बघणार."

"काय फुललेलं?"

"झाड. आपल्याकडे एवढा मोगरा आहे, पण फुललेला मी कधी पाहिलाच नाही."

तुहामीला हसू आवरेना. पावभट्टीवाल्याच्या नातीने पाव करपताना बघायचाय म्हणावं, तसं ते होतं. पण मागितलं होतं नातीने. त्याने जमिनीलगतच्या फांदीचं चांगलं मुळं फुटलेलं दाबकलम काढून दिलं, पाणी किती, ऊन किती, छाटणी केव्हा, हे सगळं दोनदा सांगितलं. ती फक्त पाण्याचं ऐकून गेली होती.

आणि आज संध्याकाळी ते फुलायचं होतं. बेयाने आठवडाभर रोज कळ्यांपाशी बसून अंदाज बांधला होता. वर्षअखेरचा समारंभ आज होता, प्रादेशिक कार्यालयातल्या बाई मुलांचे वाफे बघायला येणार होत्या आणि ऐन त्यांच्यासमोर झाड उमलणार होतं. काल रात्री जेवताना तिने आजोबाला सांगितलं होतं, "शाळेच्या नळाला पहाटेच पाणी असतं. तू तसाही उठतोस. तेवढं पाणी घालून ये."

तुहामीने झारा उचलला, झाडाला पाणी घातलं आणि फडक्याला गाठ मारून तो घराकडे निघाला. उशिरा घातलेल्या त्या पाण्याने झाडाचं काही समाधान झाल्यासारखं दिसलं नाही.

त्याची मुलगी सलवा, बेयाची आई, दारातच होती.

"फडक्यात काय आहे, बाबा?"

तुहामी चपला काढण्यात गुंतला.

"बाबा."

"कळ्या."

"एवढ्यात वाडीत जाऊन आलात?"

"नाही."

सलवाने हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला शाळेत पाणी घालायला पाठवलं होतं."

"हो ना. घातलं."

"कधी? आधी की नंतर?"

तुहामीने खरं ते सांगितलं. "नंतर."

"शाब्बास! म्हणजे झाडाची हजामत केलीत आणि वर तोंड धुवायला पाणी दिलंत." तिने भांडं पुन्हा उचललं. "आता तिला तुम्हीच सांगा. मी आज या घरात नाही, असं समजा."

सांगावं लागलं नाही. बेया डोळे चोळत बाहेर आली, आजोबाचा चेहरा पाहिला, मग फडकं पाहिलं. ती खाली बसली आणि तिने स्वतःच्या हाताने गाठ सोडली. टपोऱ्या, मिटलेल्या, दुधाळ कळ्या. एकही दुखावलेली नव्हती.

"सगळ्या?"

"आजच्या होत्या तेवढ्या."

"म्हणजे सगळ्या."

"मी झारा ठेवला, बेया. अगदी खाली ठेवला. मग एक कळी दिसली, म्हटलं बघावं तरी तयार झालीय का. आणि मग..."

"दुसरी."

"हो."

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या मुलांसाठी तुहामीच्या कपाटात हलव्याची वडी असायची. न रडणाऱ्या मुलांसाठी त्याच्याकडे काहीच नव्हतं. बेया एकेक कळी उचलून उजेडात धरत होती आणि परत ठेवत होती. तिची हनुवटी तेवढी जराशी पुढे आली होती. तुहामी ती हनुवटी ओळखून होता. ती त्याचीच होती.

"ऐक," तो म्हणाला. "मी मश्मूम बांधतो. त्या बाईंनी जन्मात पाहिला नसेल असा बांधतो. तुझ्याच कळ्यांचा. तू नेऊन द्यायचा. तुमचा मुख्याध्यापक सी मुन्सिफ तर हरखून जाईल. त्याला परंपरा फार आवडते."

"पण तो तुझा होईल."

"कळ्या तुझ्याच ना?"

"कळ्या माझ्या, मश्मूम तुझा. सगळे म्हणतील, वा सी तुहामी, वा."

हे खोटं म्हणता येईना. सगळे नेहमी तसंच म्हणायचे. ते ऐकायला त्याला आवडायचं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते अडचणीचं झालं होतं.

"बरं, मग असं करू. वाडीतून कळ्यांच्या फांद्याच कापून आणतो. तुझ्या झाडात मधे मधे खोचू. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"गस्सानच्या आईसारखं?"

गस्सान बेयाच्या वर्गातला. त्याच्या आईने काल संध्याकाळी त्याच्या वाफ्यात विकतची फुलं पुरली, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

बेयाने फडकं जवळ ओढलं. "या उमलतील?"

"उमलतील की. ओल्या फडक्यात ठेव. कळीला उमलायला झाड लागत नाही."

"मग काय लागतं?"

"काही नाही. संध्याकाळ."

तिने कळ्या ताटलीत काढल्या. मग तिने फडकं नळाखाली धरून भिजवलं, पिळलं आणि कळ्यांभोवती गुंडाळलं.

"काय करणार?"

"अजून माहीत नाही."

"काड्या देऊ? लाल दोरा आहे."

"नको. आणि दुपारी मी एकटी जाणार. तू यायचं नाहीस."

"मी नुसता बसेन गं एका बाजूला."

"तुझे हात नुसते बसत नाहीत," बेया म्हणाली.

आतून सलवाच्या खोकल्याचा आवाज आला. जी बाई घरात नव्हती, तिला हसू आलं होतं.

तुहामीने हात पाठीमागे घेतले. पोरगी चिडली होती म्हणून बोलली असती तर त्याला समजलं असतं. पण ती चिडून बोलली नव्हती. हवामान सांगावं तसं तिने सांगितलं होतं. आजवर या गावात त्याच्या हातांबद्दल असं कोणी बोललं नव्हतं, आणि तुहामीला वाईट वाटायच्या ऐवजी भलतंच काहीतरी वाटू लागलं. हाताखाली शिकायला आलेल्या एकानेही कधी त्याचा दोरा नको म्हटला नव्हता. ही म्हणाली होती.

शाळेचे मुख्याध्यापक सी मुन्सिफ हे कल्पकतेचे मोठे चाहते होते. वरून परिपत्रक आल्यापासून तर फारच. मुलांमधल्या कल्पकतेला बागकामातून वाव द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. सी मुन्सिफनी लगेच अंगणात सारख्या मापाचे वाफे आखले, कडेने चुन्यात बुडवलेले दगड लावले आणि जाहीर केलं की मुलांनी आपापल्या मनाला येईल ते लावावं. मनाला काय यावं याचा घोळ नको म्हणून जिरेनियमची रोपंही मागवून ठेवली. बहुतेक मुलांच्या मनाला जिरेनियमच आलं. ते उन्हाळा लागता लागता वाळलं, तेव्हा आया पुढे सरसावल्या. कालच्या एका संध्याकाळीत अंगण लाल-गुलाबी झालं. नर्सरीतल्या फुललेल्या कुंड्या कुंड्यांसकट पुरल्या गेल्या. गस्सानच्या आईने तर कुंडीवरची किमतीची चिठ्ठीही काढली नव्हती.

बेयाचा वाफा अगदी शेवटचा, मागच्या भिंतीला लागून. तो कुणालाच नको होता, कारण भिंतीवर फड्या निवडुंगाचं जुनं जाळं अंगावर येत होतं. सी मुन्सिफ ते दरवर्षी काढून टाकणार असायचे. काढणाऱ्याला काटे लागत, म्हणून ते दरवर्षी राहायचं. आज निदान त्यावर कापड टाकून झाकावं असं ठरलं होतं, पण कापड कल्पकतेच्या फलकालाच पुरलं.

ऊन उतरल्यावर तुहामी पांढरा जुब्बा आणि लाल शेशिया टोपी चढवून शाळेत आला. सलवाने त्याला मागच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. बसवलं म्हणजे जवळपास पहाराच. मुलं आपापल्या वाफ्यापाशी उभी होती. शेवटच्या वाफ्यापाशी बेया होती, दोन्ही हात मागे. तिच्यापुढे मोगऱ्याचं झुडूप, पहाटे होतं तसंच बोडकं.

तुहामीने मान उंचावून पाहिलं. फूल नाही, मश्मूम नाही, काही नाही.

"कळ्या कुठायत?" तो कुजबुजला.

"मला काय विचारता? दुपारभर इथे होती. घरी आली तेव्हा बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. बोलली काही नाही." सलवाने डोळे बारीक केले. "आणि त्या निवडुंगाला कीड लागलीय वाटतं. बघा, पांढरे ठिपके."

त्या वर्षी सगळीकडेच निवडुंगाला पांढरी कीड लागली होती, कापसासारखी. कुंपणंच्या कुंपणं बसली होती. तुहामीने तिकडे पाहिलं. सूर्य भिंतीमागे होता, फडे काळपट दिसत होते आणि त्यांवर पांढरे ठिपके. तो खुर्चीच्या कडेवर आला. लांबचं त्याला आता नीट दिसत नसे, पण एक गोष्ट त्याला समुद्रातल्या होडीवरूनही ओळखता आली असती.

"कीड नाही ती," तो म्हणाला.

"मग?"

त्याच्या गुडघ्यांवरचे हात आपोआप मिटले.

प्रादेशिक कार्यालयातल्या मदाम रौदा वाफ्यांवरून फिरत होत्या. आठवडाभरात त्यांनी पुष्कळ शाळांतली कल्पकता पाहिली होती आणि त्यांच्या टाचा दुखत होत्या. गस्सानपाशी त्या थांबल्या.

"छान आहे रे. हे तू लावलंस?"

"हो, मदाम."

"केव्हा?"

"काल," गस्सान म्हणाला. तो सरळ मुलगा होता. त्याच्या आईला ठसका लागला.

"मुलांचा उत्साह, मदाम," सी मुन्सिफ म्हणाले आणि त्यांना पुढे घेऊन गेले. शेवटच्या वाफ्यापाशी ते थांबणारच नव्हते. "हिचं झाड अजून लहान आहे. पुढच्या वर्षी फुलेल."

"आजच फुलणार," बेया म्हणाली.

मदाम रौदांनी झुडुपाकडे पाहिलं. त्यावर उमलायच्या बेतातली एकही कळी नव्हती. "कुठे गं?"

"अजून वेळ आहे. तुम्ही नंतर या."

सी मुन्सिफ मोठ्याने हसले. अधिकाऱ्यांना नंतर या म्हणायची या शाळेतली ही पहिलीच वेळ असावी. मदाम रौदा मात्र हसल्या नाहीत. "बरं, नंतर येते," एवढं म्हणून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि त्यांनी खुर्चीखाली हळूच सँडल काढून ठेवले.

मग सी मुन्सिफ भाषणाला उभे राहिले.

त्यांची भाषणं गावात प्रसिद्ध होती. लग्नाच्या जेवणाआधी त्यांच्या हातात माईक जाऊ नये म्हणून लोक आपली माणसं पेरून ठेवत. तुहामी त्यांच्या भाषणाला आजवर दर वेळी मनातल्या मनात शिव्या देत आला होता. आज मात्र तो ओठ हलवत होता ते, देवा, याला अजून आठवू दे, म्हणून. उन्हाची शेवटची पट्टी अजून शाळेच्या इमारतीवर होती. मोगऱ्याला घाई करता येत नाही. आणि सी मुन्सिफनी निराश केलं नाही. कल्पकता म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं, मग ती काय नव्हे हे सांगितलं, मग आपल्या लहानपणी ती कशी नव्हती यावर आले. मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. बेया हलली नाही. ती मागे वळून बघतही नव्हती.

आधी वास आला.

सी मुन्सिफ "भावी पिढी" म्हणत होते आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईने मान वळवली. मग दुसऱ्या रांगेतून कुणीतरी दीर्घ श्वास घेतल्याचं ऐकू आलं. एकेक मान वळत गेली, वारा आल्यावर शेतातली कणसं वळावीत तशी. मदाम रौदा उठल्या आणि भाषण चालू असतानाच, अनवाणी, वाफ्यांमधून चालत शेवटच्या वाफ्यापाशी गेल्या.

निवडुंग फुलला होता. दरवर्षी काढून टाकायच्या त्या जुन्या, धुळकट निवडुंगाच्या फड्याफड्यावर, लांब काट्यांच्या टोकांवर, मोगरा उमलत होता. काही फुलं पुरती उघडली होती, काही अजून विचारात होती. अंधारू लागलेल्या भिंतीवर तेवढीच पांढरी दिसत होती. खाली मोगऱ्याचं झुडूप हिरवंगार उभं होतं.

नर्सरीतल्या कुंड्यांकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

सी मुन्सिफ अनुभवी होते. त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि माईकसकट तिकडे वळले. "आणि हेच! हेच मी म्हणत होतो! आपल्या गावची परंपरा! आपले सी तुहामी, मश्मूमांचे उस्ताद! त्यांच्याशिवाय हे दुसऱ्या कोणाच्या हातून होणार? या, सी तुहामी, पुढे या!"

टाळ्या पडल्या. सगळे मागे वळून तुहामीकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "वा, सी तुहामी, वा!"

"मी नाही," तुहामी उठून म्हणाला.

"पाहिलंत? किती नम्र!" सी मुन्सिफ माईकवर म्हणाले.

"नम्र नाही हो. मी केलेलं नाही ते."

"उस्ताद नेहमी असंच म्हणतात!"

टाळ्या वाढल्या. तुहामीने हात हलवून नाही म्हटलं, तर लोकांना वाटलं तो अभिवादन स्वीकारतोय. मदाम रौदाही त्याच्याकडे आदराने बघत होत्या. "मुलांना असं शिकवणारे आजोबा सगळ्यांना मिळोत," त्या म्हणाल्या. तुहामीने बेयाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. रागाने नव्हे. सकाळी तिने सांगितलं होतं, ते आता घडत होतं, एवढंच. तिने चिंध्या गुंडाळलेले हात पुन्हा पाठीमागे घेतले आणि हनुवटी खाली गेली.

ती खाली गेलेली हनुवटी तुहामीला बघवली नाही.

तो खुर्च्या सारत पुढे गेला. वाफ्यातून, चुन्याच्या दगडांवरून, जुब्ब्याचा घोळ सांभाळायचं विसरून, तो निवडुंगापाशी जाऊन उभा राहिला. नाक फुलांना लागेल इतका वाकला. एक फूल पाहिलं, दुसरं पाहिलं, मग तिसरं. मग वळला.

"हे माझं काम म्हणता?" तो म्हणाला. त्याला माईकची गरज नव्हती. "या, या इकडे. मदाम, तुम्हीपण या. ही कळी बघा. मानेत आडवी टोचलीय. आडवी! कळी टोचायची ती देठातून, सरळ. दुधखुळं पोरसुद्धा पहिल्या दिवशी हे शिकतं. ही बघा, हिच्या दोन पाकळ्या फाटल्यात. ही एक वर, ही एक खाली, रांग नाही, जोड नाही. इथे बघा, दोन फुलं एकमेकांच्या उरावर. माझ्या हाताखालच्याने असं केलं असतं, तर मी त्याला त्याच दिवशी बोटीवर पाठवला असता, मासे धर म्हणून!"

सी मुन्सिफनी माईक हळूच खाली घेतला.

तुहामीचा श्वास लागला होता. कान लाल झाले होते. गावातले निम्मे कान त्याने सजवले होते, पण स्वतःच्या मालाची जाहिरातही त्याने कधी एवढ्या दमात केली नव्हती.

"या अख्ख्या गावात," तो म्हणाला, "एवढं चुकीचं काम करणारा मश्मूमवाला मिळायचा नाही. मला तर हे सुचलंच नसतं. जन्म गेला असता तरी सुचलं नसतं. मी सकाळी काय केलं, विचारा. पाणी घालायला आलो आणि पोरीचं झाड ओरबाडून गेलो. माझं काम तेवढंच. हे हिचं आहे. या बेयाचं. एकटीचं!"

आता कोणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मदाम रौदा बेयाकडे वळल्या आणि काही म्हणणार, तेवढ्यात बेयाच बोलली. त्यांच्याशी नव्हे.

"चुकीचं नाहीये," ती आजोबाला म्हणाली.

"अं?"

"आडवी मुद्दाम टोचलीय."

"मुद्दाम?"

"सरळ टोचली की फूल समोर बघतं. तुझ्या मश्मूमातली सगळी फुलं गिऱ्हाइकाकडे बघतात." तिने झुडुपाकडे बोट केलं. "झाडावर तसं नसतं. परवा खालच्या फांदीला एक आधीच फुललं होतं. मी पाहिलं. ते वर बघत होतं."

तुहामी पुन्हा वळला. झाडावर फूल कुठे बघतं हे त्याला कधी माहीत असण्याची गरजच पडली नव्हती. तो वाकला, या वेळी हळू. काट्याकाट्यावरचं फूल वर बघत होतं, भिंतीच्या माथ्यावर निळसर होत चाललेल्या आभाळाकडे. सी मुन्सिफकडे नाही, मदाम रौदांकडे नाही, त्याच्याकडेही नाही. इतक्या फुलांनी एकदम आपल्याकडे दुर्लक्ष केल्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

मागे सी मुन्सिफ सावरले होते. पुढच्या वर्षी प्रत्येक वाफ्यामागे एकेक निवडुंग लावता येईल, सारख्या उंचीचा, असं ते मदाम रौदांना सांगत होते. मदाम रौदा ऐकत नव्हत्या. त्यांनी मातीतच बसकण मारली होती आणि त्या बेयाला विचारत होत्या, "दुखतंय का गं बोटांना?"

"दुखतंय," बेया म्हणाली.

सलवा लांबूनच आपल्या बापाकडे बघत उभी होती.

झुडुपाच्या बुडाशी ओलं फडकं पडलं होतं. त्यात थोड्या कळ्या उरल्या होत्या, आत्ता कुठे सैल होऊ लागलेल्या. तुहामी गुडघ्यावर टेकला. त्याने एक कळी उचलली, सवयीने देठ पुढे धरला, थांबला आणि कळी बोटांत फिरवून आडवी केली. दुसऱ्या हाताने निवडुंगाचा एक मोकळा काटा चाचपला. तो टचकन बोटात गेला. तुहामीने बोट तोंडात घातलं, काढलं आणि कळी पुन्हा काट्याशी नेली.

"अशी?" त्याने विचारलं.

बेया त्याच्याशेजारी येऊन बसली. तिने मान कलती करून नीट पाहिलं.

"थोडी खाली धर," ती म्हणाली.

त्याने खाली धरली.